कोऱ्या डिस्कमधली कुस्ती

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी आजवर उठून जात आलोय. माझं कामच संशय घेण्याचं... बारामतीत घरी बसून मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचा, म्हणजे तिच्या गाभ्याचा, कोड लिहितो. कुठली फाइल डिस्कवर कुठं आहे, याच्या नोंदी डिस्कवरच असतात. त्या खराब तर नाहीत ना, हे आधी तपासणारा भाग माझ्याकडे आहे. नोंदींवरून काढलेला पडताळणीचा आकडा, म्हणजे चेकसम, जुळला नाही तर डिस्क उघडायचीच नाही — सरळ नियम.

गेल्या उन्हाळ्यात वरकुट्याहून मामा-मामी आले. मामा इंदापूर तालुक्यातल्या यात्रांमध्ये कुस्त्यांचं समालोचन करायचे. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलं आणि तो आवाज गेला. रेकॉर्डिंग सगळं एका हार्ड डिस्कवर. घराजवळ वीज पडली तेव्हा ती कॉम्प्युटरला लावलेली होती.

"दुकानदारानं हात टेकलं," मामी म्हणाल्या. "नातीनं आज्याचा आवाज ऐकलाच न्हाय रं."

कर्नलनं डिस्क नाकारली. नोंदींचा मुख्य ब्लॉक पाहिला — नुसती शून्यं. राखीव प्रतींतही शून्यं. मग अख्खी डिस्क चाळायला लावली. दुपारपर्यंत चालली. एक अक्षर सापडलं नाही.

"मामी, काहीच उरलं नाही."

मामांनी ऐकलं. डिस्कवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागले. आवाज नाही... पण मान, खांदे, सगळं हलत होतं. ते कुस्ती सांगत होते.

"घरीबी करत्यात असं," मामी हळूच म्हणाल्या. "बसू दे जरा."

त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि डिस्क उघडायची कमांड परत दिली.

चेकसम जुळला.

स्क्रीनवर गावांच्या नावांचे फोल्डर आले. मी सगळं कॉपी करून घेतलं. मग समोर आली ती फाइल लावली...

"खालचा पैलवान अजून पडला न्हाय, मंडळी! बसून घ्या, कुस्ती हाय अजून!"

मामांनी डोळे उघडले. बराच वेळ ते स्पीकरकडे बघत राहिले. मग हातानं खूण केली — वाढव.

ते दोघं कॉपी घेऊन गावी परतल्यावर मी डिस्क पुन्हा वाचली. शून्यं. असा कोरा ब्लॉक माझा कोड पहिल्याच तपासणीत बाद करतो; सहकाऱ्यांनीही वाचून पाहिला, चूक नाही. एक जण म्हणाला, आधीचं काही मेमरीत राहिलं असेल. पण मशीन नुकतंच सुरू केलेलं, आणि जे कधी वाचलंच गेलं नव्हतं ते राहील कुठून?

परवा मामींना फोन केला. नात रोज कुस्त्या ऐकते म्हणाल्या. मी विचारलं, "मामा त्या दिवशी मनात कुठली कुस्ती सांगत होते?"

त्यांनी मामांना विचारलं.

"खुणेनं सांगत्यात," मामी म्हणाल्या, "जी वाजली, तीच."

डिस्क कशी उघडली याचं उत्तर अजून मिळालेलं नाही... आणि खरं सांगायचं तर, कुठं शोधायचं तेही कळत नाही.