मसाल्याच्या जाहिरातीतला फोन नंबर

ती घटना काही केल्या मनातून जात नाही. नोकरीतल्या खुनांचे आणि दरोड्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळू लागले आहेत. पण ज्या प्रकरणात रक्ताचा थेंबही सांडला नाही, ते प्रकरण मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं. त्यातली माणसं अजून हयात आहेत, म्हणून कुणाचं नावगाव सांगत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पाटणच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. बाजाराचा दिवस होता. सकाळची हजेरी घेऊन मी बंदोबस्त वाटून दिला होता, तेवढ्यात एका गावचे पोलीस पाटील आत आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"सायेब, आमच्या गावचा फौजी रजेवर आलाय. सकाळपासनं कोयत्याला धार लावतोय. आन त्याच्या रानात ऊस न्हाई."

"कुणावर राग आहे?"

"पल्याडच्या गावच्या मसालेवाल्यावर. बायकोला कसलं तरी घाण फोन येत्यात म्हनं. ठान्यात सांगू नगा म्हनून घरच्यांनी माझ्यापुढं हात जोडलं. पर मी पोलीस पाटील हाय, गप बसून कसं चालंल?"

जीप काढली. फौजी खिंडीच्या अलीकडे रस्त्यातच दिसला. काखेत गोणपाट, चाल तडक. मी शिपायांना जीपमध्येच बसवलं आणि एकटा उतरलो. तिघेजण चालून आले तर माणूस आपला आब राखायला म्हणून झुंजतो. समोर एकटा असला तर बोलतो, हा माझा अनुभव.

"फौजी, कुठल्या युनिटला?" मी विचारलं.

सवयीनं त्याचे पाय जुळले. युनिटचं नाव सांगितलं आणि मग आपण कुठे निघालोय हे आठवून तो थांबला. मी हात पुढे केला. त्यानं हाताकडे बघितलं आणि गोणपाट माझ्या हातात दिलं. आत कोयता होता.

ठाण्यात चहा मागवला. तो निवेपर्यंत फौजीनं सगळं सांगितलं.

त्याच्या बायकोनं गावातल्या चार बायकांना घेऊन कांदा-लसूण मसाल्याचा धंदा सुरू केला होता. पुड्या कराड, साताऱ्याच्या दुकानांत जात. काही महिन्यांपूर्वी सांगलीचा एक कॉम्प्युटरवाला तिला प्रदर्शनात भेटला. मोठ्या कंपन्या टीव्हीवर जाहिरात करतात, तुम्ही थोडक्या खर्चात इंटरनेटवर करा, म्हणाला. मुंबई-दुबईचा माणूस मसाला शोधायला बसला की तुमचंच नाव आधी दिसेल, असंही सांगितलं. तिनं पान करून घेतलं. त्यावर मिरची कुटायच्या डंकाशेजारी ती उभी असतानाचा फोटो, पुडीचं चित्र, पत्ता आणि घरचा फोन नंबर होता.

सुरुवातीला खरंच दोन-चार मागण्या आल्या. मग वेगळे फोन यायला लागले. हिंदीत, इंग्रजीत, अनोळखी पुरुषांचे. काय काय विचारायचे ते फौजीच्या तोंडून निघेना. एकदा फोन सासूनं उचलला. त्या म्हातारीला हिंदी अर्धंच कळत होतं, पण तेवढं पुरेसं झालं.

"त्या मसालेवाल्याचं आन हिचं पुडीच्या रंगावरनं वाजलंवतं," फौजी म्हणाला. "त्यानंच तिचा नंबर कुठंतरी घाणीत लिवलाय. दुसरं कोन करंल?" मग जमिनीकडे बघत तो पुटपुटला, "का तिनंच..."

"ते वाक्य पुरं करू नका," मी म्हणालो.

त्यानं केलं नाही. पण मला कळून चुकलं की कोयता काढून घेतला तरी काम संपलेलं नाही. त्या घरात त्याहून धारदार काहीतरी शिरलं होतं.

फौजीला ठाण्यातच बसवून मी त्याच्या घरी गेलो. बाई तिशीच्या असतील. हात कोपरापर्यंत मसाल्यानं लाल. सासू उंबऱ्याशी पाठ करून बसलेली. फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला होता.

"तार उपटून टाक म्हनत्यात घरची," बाई म्हणाल्या. "पर सायेब, पुडीवर ह्योच नंबर हाय. फोन बंद झाला तर धंदा बसंल. आन धंदा बसला की समदी म्हननार, बघा, खरंच काय तरी व्हतं."

मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि फोनशेजारी बसलो. पहिला फोन पुण्याच्या दुकानदाराचा आला, मागणी होती. दुसरा वाजला. आवाज तरुण, सुशिक्षित.

"वो मसाले वाली मैडम हैं?"

"बाहर गई हैं. काम बोलो."

त्यानं काम सांगितलं. ते लिहिण्यासारखं नाही. मी आवाज शांत ठेवून विचारलं, नंबर कुठे मिळाला?

"इंटरनेट पे. फोटो भी है ना, वो मिर्ची की मशीन के पास खड़ी है."

मी पोलीस आहे म्हटल्याबरोबर फोन बंद झाला. पण त्याचं वाक्य डोक्यात राहिलं. आम्ही धरून चाललो होतो की कुणीतरी या बाईंच्या नावानं दुसरं घाणेरडं पान केलं असणार. हा माणूस तर डंकाजवळचा फोटो बघत होता. म्हणजे पान तिचंच. मग मसाल्याच्या जाहिरातीवर असली माणसं येत होती तरी कशी?

दुपारी मसालेवाल्याला बोलावलं. आल्या आल्या त्याला घाम फुटला होता, पण ठाण्यात आलेल्या कुणालाही फुटतो. मी बाईंच्या फोनचा विषय काढला तसा तो खुर्चीतून उठलाच.

"भांडलो मी, न्हाई म्हनत न्हाई! माझ्या पुडीचा रंग उचलला तिनं. पर बाईमानसाचं असलं करीन व्हय मी? मला बी दोन लेकी हायत्या."

अपराधी माणूस सहसा विचारलेल्यापेक्षा जास्त खुलासे देतो. हा नुसताच संतापला होता. मी त्याला पाणी दिलं. जरा निवल्यावर तो म्हणाला, "खरं सांगू का सायेब? मीच तिच्यावानी पान करून घ्यायला सांगलीला गेलोवतो. त्यो गडी म्हनला, तिचं पान मी समद्यात वर आनलंय, लोकं शेकड्यानं बघत्यात. म्या म्हनलं, शेकड्यानं बघत्यात तर तिचा मसाला का खपंना? तर त्यो हसला."

"हसला?"

"व्हय. म्हनला, वर कसं आनायचं ते आमच्या धंद्याचं गुपित हाय."

मी त्याला घरी जाऊ दिलं आणि सांगलीच्या ठाण्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. फौजीला बरोबर न्यायचा माझा विचार नव्हता. बाईंनीच सांगितलं, "मी येनार. आन ह्ये बी येत्याल. मागं ठेवलं तर घरात बसून कायबाय इचार करत बसत्याल." हे त्यांनी नवऱ्यासमोरच सांगितलं. सांगलीपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

कॉम्प्युटरवाल्याचं दुकान एका इमारतीच्या माडीवर होतं. दोन कॉम्प्युटर, त्यांवर धूळ बसू नये म्हणून शिवलेली कापडं, भिंतीवर देवाची तसबीर. माणूस तिशी ओलांडलेला, नीटनेटका. बेदाणेवाल्यांची, हळदवाल्यांची अशी बरीच पानं त्यानं केली होती आणि ती त्यानं अभिमानानं दाखवली. फोटो कुणी काढला, नंबर कुणी दिला, आणखी कुणाला दिला का, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यानं माझ्या डोळ्यांत बघून दिलं. मला वाटायला लागलं, इथेही वाट बंद आहे.

मग त्यानं बाईंचं पान उघडलं. वर फोटो, खाली पुडी, पत्ता, नंबर. आणि त्याखाली पान तसंच लांबत गेलेलं, कोरं.

"खाली एवढी मोकळी जागा कशाला?" मी सहज विचारलं.

"डिझाइन आहे, सर."

हे उत्तर त्यानं पडद्याकडे बघून दिलं. हात माउसवरून उठला आणि रुमालाकडे गेला. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. खात्यानं आम्हाला कॉम्प्युटरचं जुजबी शिक्षण दिलं होतं, त्यात अक्षरं कशी निवडायची ते शिकवलं होतं. कोऱ्या जागेत बटण दाबून मी माउस खाली ओढला. निळा पट्टा पसरत गेला आणि त्यातून पांढरी अक्षरं वर आली. ओळीमागून ओळी. नट्यांची नावं आणि त्यांना जोडून असे शब्द, जे मी इथे लिहिणार नाही. तेच तेच, पुन्हा पुन्हा.

पांढऱ्या पानावर पांढऱ्या शाईत लिहिलेलं माणसाला दिसत नाही. पण इंटरनेटवर शोध घेणारं यंत्र, म्हणजे सर्च इंजिन, ते वाचतं. कुणी कुठेही बसून ते घाणेरडे शब्द शोधले की यंत्र त्याच्यासमोर हे पान आणून ठेवायचं. आणि पानावर हसणाऱ्या बाईचा फोटो आणि फोन नंबर.

फौजीला इंग्रजी वाचता येत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी वळून तो आणि कॉम्प्युटरवाला यांच्या मध्ये उभा राहिलो. सांगलीच्या ठाण्यानं सोबत दिलेल्या शिपायानं दार लावून घेतलं. फौजीचा श्वास मला ऐकू येत होता.

"काय लिवलंय?" बाईंनी विचारलं.



"तुमी वाचलंसा न्हवं? सांगा की!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यानं मान दुसरीकडे वळवली.

शेवटी मी सांगितलं, "ताई, घाणेरडे फोटो शोधणारी माणसं जे शब्द टाइप करतात, ते शब्द आहेत. तुमच्या नावाखाली लपवलेले."

"वहिनी, तुमच्याबद्दल वाईट काही लिहिलेलं नाही हो," कॉम्प्युटरवाला काकुळतीला आला. "पान वर यावं म्हणून घातले. सगळेच घालतात. एवढ्याशा पैशांत दुसरं कसं वर आणणार?"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. "वर आनलंस, व्हय," त्या म्हणाल्या. "पर कुनाच्या नजरंम्होरं आनलंस ते बघितलंस का?"

माझ्या पाठीमागे फौजीचा आवाज आला, पडलेला, घोगरा. "मला वाटलं..."

"काय वाटलं ते मला ठाव हाय," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "घरी गेल्याव बोलू."

पंचनाम्यासाठी खालच्या दोन दुकानदारांना वर बोलावलं. लपवलेली अक्षरं काळी करून पानाचे कागद छापून घेतले. सह्या करताना दोघांनी माना वर केल्या नाहीत. मग ते शब्द काढायला लावले. इंटरनेट ज्यावर चालायचं ती टेलिफोनची लाइन सारखी तुटत होती आणि प्रत्येक वेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागत होतं. काम होईपर्यंत बाई पडद्यासमोरून हलल्या नाहीत.

तेव्हा अशा गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा नव्हता. बाईंची फिर्याद घेतली आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान केल्याच्या कलमाखाली गुन्हा नोंदवला. सरकारी वकीलसाहेबांनी आधीच इशारा दिला होता की या कलमात हेतू सिद्ध करावा लागतो. तसंच झालं. काही वर्षांनी निकाल लागला. अपमान करण्याचा आरोपीचा हेतू दिसत नाही म्हणून तो निर्दोष सुटला. निकाल कायद्याला धरूनच होता.

पान सुधारलं तरी फोन लगेच थांबले नाहीत. शोध घेणाऱ्या यंत्रांकडे जुनी नोंद काही आठवडे तशीच राहिली. बाईंनी नंबर बदलला नाही. असला फोन आला की ठणकावून विचारायच्या, "मसाला किती किलो पाठवू? पत्ता सांगा!" पलीकडचा फोन ठेवून द्यायचा.

निकालाच्या वेळी माझी बदली झालेली होती. मीच त्यांना फोन करून तो सांगितला. नव्या मिरचीचा हंगाम चालू होता, मागे डंकाचा आवाज येत होता.

"त्याचा हेतू नव्हता, ते मला बी पटतं सायेब," त्या म्हणाल्या. "पर त्यापायी माझा नवरा माझ्याकडं ज्या नजरंनं बघत व्हता, ते कंच्या कलमात बसतं?"



आम्ही पोलीस गुन्ह्यामागे आधी वैर शोधतो, आणि बहुतेक वेळा ते सापडतंही. या प्रकरणात वैरी कुणीच नव्हता. पोट भरणारा एक माणूस होता, आणि आपल्या कामानं दुसऱ्याच्या घरात काय शिरेल याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. त्यानंतर मी ठाण्यात येणाऱ्या फिर्यादीला "तुमचा कुणावर संशय आहे?" हे पहिल्यांदा विचारणं सोडलं. आधी विचारायचो, "घरी कोण कोण तुमच्याशी बोलायचं थांबलंय?"