कडी न लावलेलं दार

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतलं नाटक उजाडता उजाडता संपतं. तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसलेली माणसं अंगावरच्या चादरी झटकतात, पेंगुळलेली पोरं खांद्यावर टाकतात आणि घरची वाट धरतात. नेमका त्याच वेळी माझा ऋषीमामा जागा व्हायचा. त्या नाटकातली सगळी गाणी त्यानं लिहिलेली असायची आणि रात्री त्यातलं एकही त्यानं ऐकलेलं नसायचं. ज्याच्या घरी उतरला असेल तिथे तो गाढ झोपे, आणि उजाडलं की कडुलिंबाची काडी तोंडात धरून बोरिंगच्या हातपंपाशी जाऊन उभा राही. मग उन्हं अंगावर येईपर्यंत त्याचे दात घासून होत नसत.

गावोगावच्या बायकांना वाटे, या माणसाला दातांचं काहीतरी दुखणं असावं. खरं म्हणजे तो कान लावून उभा असे. पाणी भरताना, भांडी घासताना, बैल सोडताना कोण काय गुणगुणतं ते ऐकायला. काडी तोंडात का, तर कोणी बोलायला लागलं तर नुसती मान हलवता यावी.

"रातच्या टाळ्या नटीच्या असतात, भासेबुवा," तो मला म्हणायचा. "गाणं माहं हाय का नाई, ते सकाळी समजते. जे घरी गेलं, ते गाणं. जे मंडपात राह्यलं, तो कचरा. झाडूवाला नेते."

मामानं भाच्याच्या पाया पडायची आमच्याकडे रीत आहे. ऋषीमामा ती मनापासून पाळायचा. चंद्रपूरहून मी गेलो की आधी वाकून माझ्या पाया पडायचा, 'तुमी' म्हणायचा, आणि पाठ सरळ होताच माझी फजिती करायला मोकळा व्हायचा. कॉलेजात असताना मी एक प्रेमगीत लिहिलं होतं. ते मी त्याला त्याच्या धानाच्या बांधीवर उभा राहून चालीसकट ऐकवलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, रंगला. शेवटी म्हणाला, "गाणं चांगलं हाय, भासेबुवा. कोणाले ऐकवू नका." मी बँकेत लागलो त्यामागे या वाक्याचा मोठा वाटा आहे. साहित्याचं जे काही भलं झालं असेल, त्याचं श्रेय मामाला.

त्याची आणखी एक खोड होती. सकाळी बोरिंगवर कुणी त्याची ओळ चुकीची म्हणाली, तर तो ती दुरुस्त करत नसे. उलट पुढच्या गावी नाटकवाल्यांना सांगून मूळ गाण्यातच तसा बदल करून घेई. एकदा नटी वैतागली, "मामाजी, पाठ करावं तरी कितीदा?" तर हा शांतपणे म्हणाला, "बाई, लोकं जिथी चुकतात ना, तिथी माहीच चूक असते. त्यांची जीभ मले सांगून राह्यली का दगड हाय बा इथी, ठेच लागते."

एवढा शहाणा माणूस, पण एका गाण्याच्या बाबतीत त्याचं काही चालत नव्हतं. सुमनमामी गेल्यावर त्यानं तिच्यावर गाणं लिहिलं. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की दरवर्षी ते नव्या नाटकात कुठेतरी घुसवायचा. नाटक सासूचं असो की दरोडेखोराचं, दुसऱ्या अंकात नायक अचानक उभा राहून मामीचं वर्णन करायचा. चेहरा चंद्र, डोळे कमळ, चाल हरिणीची, बोलणं कोकिळेचं. मी मामीला चांगला ओळखत होतो. ती ठेंगणी, खणखणीत आवाजाची आणि भराभर चालणारी बाई. त्या गाण्यात बाग होती, प्राणी होते, पक्षी होते, मामी तेवढी नव्हती. पण हे त्याला सांगणार कोण? माझ्या गाण्याचं काय झालं ते मला आठवत होतं.

आणि दर सकाळी तो बोरिंगवर उभा. दुसरी गाणी यायची, मामीचं येत नसे. काडी चावून चावून तिचा कुंचला व्हायचा.

शेवटी नाटक कंपनीच्या मालकानं तोंड उघडलं. माणूस वाईट नव्हता. "ऋषीभाऊ, ते गाणं लागलं का लोकं चहाले उठतात. औंदा शेवटचं. नाई चाललं तर मग मले म्हणू नका."

मी तेव्हा तिथेच होतो. मामा मंडपाबाहेरच्या शेवंताबाईच्या चहाच्या ठेल्यावर जाऊन बसला. ही बाई हंगामभर नाटकामागे गावोगाव ठेला लावायची, त्यामुळे तिनं ते गाणं नटांपेक्षा जास्त वेळा ऐकलेलं.

"शेवंताबाई, खरं सांगजा. काऊन नाई लागत वो हे गाणं?"

"राग येईन, भाऊ."

"येऊ द्या."

"तुमच्या गाण्यातली बाई काईच करत नाई ना जी," गाळणी आपटत ती म्हणाली. "नुसती सुंदर हाय. बसून राह्यते कॅलेंडरवानी. तुमची बायको अशीच होती का?"

मामानं चहा तसाच ठेवला. आम्ही गावची एसटी धरली.

घरी पोचलो. मामाच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्यानं नेहमीच्या सवयीनं दार पायानं लोटलं. दार हललं नाही. त्यानं पुन्हा लोटलं. मग आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की दाराला कुलूप आहे आणि किल्ली त्याच्याच खिशात आहे. मामी होती तेव्हा नाटकांच्या दिवसांत दाराला आतून कधी कडी नसे. हा कुठल्या वेळी परतेल याचा नेम नाही, म्हणून ती दाराला नुसता एक दगड टेकवून ठेवायची. कुत्रं आत येऊ नये एवढा जड, आणि थकलेल्या माणसाच्या पायानं सरकावा एवढा हलका. ती जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्याच्या पायाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

मामा पिशव्या खाली ठेवून उंबऱ्यावरच बसला. बराच वेळ रडला. मग नाक पुसून म्हणाला, "भासेबुवा, कमळ गेलं चुलीत. पाहा हे."

कडी नाई लावली गा, दाराले दगड हाय,
पायानं लोट धन्या, घर तुहंच हाय.

त्या हंगामात हे गाणं नायकाकडून काढून नायिकेला दिलं. नव्या गाण्याच्या पहिल्या प्रयोगानंतरच्या सकाळी मीही मुद्दाम लवकर उठून काडी घेऊन मामाशेजारी उभा राहिलो. बायका आल्या, भरून गेल्या. कोणी खोकलं, कोणी भांडलं, गाणं काही येईना. मामाचा चेहरा बघवेना. माझे दात तर अशा स्वच्छतेला सरावलेले नव्हते, हिरड्यांतून रक्त आलं.

मग एक बाई पाण्याचा पितळी गुंड कमरेवर घेऊन आली. पंप हाणता हाणता म्हणू लागली, "कडी नाई लावली वो, दाराले दगड हाय, पायानं लोट माय, घर तुहंच हाय."

मामानं तोंडातली काडी काढली. "बाई, 'धन्या' हाय ना त्याच्यात?"

"असन," ती म्हणाली. "माहा धनी घरीच घोरून राह्यला. पोरगी गेली तेलंगणात मिरची तोडाले. मी तिले म्हणून राह्यली."

"कोणाचं व्हय गाणं?"

"कोणाचं का असेना, भाऊ. सरका थोडसे, पाणी सांडते तुमच्या पायावर."

तो सरकला नाही. पाय भिजवत उभा राहिला आणि हसला. परतताना म्हणाला, "सुमनचं नाव ना गाव, पण तिचा दगड गेला पाहा घरोघरी. गाणं लागलं म्हंजे कोणी पुसत नाई कोणाचं हाय ते. पुसलं, म्हंजे समजा अजून आपल्याच घरी हाय."

गेल्या वर्षी ऋषीमामा गेला. झोपेतच. नाटकाच्या रात्री झोपायचा तसा. तेरवीला मी अंगणात पत्रावळी मांडत होतो. मागच्या चुलीवर वडे तळणाऱ्या बायकांतली एक नवखी पोरगी, कुणाची तरी नवी सून, हळू आवाजात म्हणत होती, "पायानं लोट माय, घर जागंच हाय."

'तुहंच'चं 'जागंच' झालेलं. मामाच्या ओळीहून बरं. तो असता तर पुढच्या गावाला बदल सांगायला निघाला असता.

"कुठलं गं हे गाणं?" मी विचारलं.

"जुनं व्हय, दादाजी," ती म्हणाली. "माही आजी म्हणे."

गाणं पाच-सहा वर्षांपलीकडचं नव्हतं. आणि ऋषीमामा माझा सख्खा मामा, हे मी बँकेत पासबुक भरायला आलेल्यांनाही न विचारता सांगणारा माणूस. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण तोंडात कडुलिंबाची काडी असावी तशी मी नुसती मान हलवली, आणि ऐकत उभा राहिलो.