नालबंदाचा कान

जमशेदभाई नालबंदांना ऐकू कमी येतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांना ते कळलंय, एवढं मात्र जमशेदभाईंना ठाऊक नव्हतं. पंखा फार आवाज करतो म्हणत, मोबाईल बिघडलाय म्हणत, आणि समोरच्याच्या ओठांकडे टक लावून मान डोलावत. मी त्यांच्या समोरच राहतो. शाळेत छत्तीस वर्षं पोरांच्या असल्याच थापा ऐकून निवृत्त झालेला माणूस मी, मला काय कळत नव्हतं? पण गप्प राहिलो.

म्हातारपणी कान कोणाचे जात नाहीत? माझेही जातील. पण नालबंदाचं काम कानावर चालतं. खुराची बाहेरची कड नखासारखी निर्जीव असते आणि तिला लागूनच आत जिवंत मांस. नाल ठोकताना खिळा त्या कडेतूनच वर निघायला हवा. टणक भागात चालला असेल तर हातोडीचा आवाज खणखणीत येतो, आत वळला की बद्द. दोन घावांत ओळखायचं आणि खिळा काढून घ्यायचा. तिसऱ्या घावाला जनावर लंगडं होतं.

हे त्यांना वडिलांनी शिकवलं, कारंज्यात टांगे होते तेव्हा. पहिली दोन वर्षं नुसता जनावराचा पाय धरायचा. मग वडील त्यांना पाठमोरं उभं करत, खिळ्यावर घाव घालत आणि विचारत, "हा?" जमशेदभाई उत्तराआधी हळूच वळून वडिलांचा चेहरा पाहत, आणि टपली खात. "चेहऱ्यात काय पाहतो? कानानं सांग."

टांगे गेले. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचं काम बरेच दिवस टिकलं, मग ट्रॅक्टर आले. राहिले वरातीचे घोडे. डांबरी रस्त्यावर एक घोडी नवरदेवासकट घसरली, तेव्हापासून ते नालेखाली जुन्या टायरचा तुकडा बसवायला लागले. साठी उलटल्यावर मोबाईलवर कुठल्याशा परदेशी बाईला नाल ठोकताना पाहिलं आणि तडक माझ्या ओट्यावर आले. "मास्तर, हे बाई खुराच्या मधल्या मऊ भागाले हातच नाई लावत. आन आमी जिंदगीभर तो कोरत आलो! बापानं शिकवलं म्हणून कोरत आलो." त्या दिवसापासून त्यांनी कोरणं सोडलं. असा माणूस. शिकायची लाज नव्हती, फक्त कान गेल्याची होती.

दिवाळीनंतर मानोऱ्याकडच्या तांड्यावरून खेमा बैल घेऊन आला. पत्र्या मारून घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी निरोप आला की बैल पाय टेकवत नाही. जमशेदभाई एसटीनं, पुढे जीपनं तांड्यावर गेले. आत शिरलेला खिळा काढला, जखम धुतली, दोन दिवस तिथंच गोठ्यात राहिले. बैल वाचला. खेमा रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "व्हते चाचा कदी कदी. वय झालं तुमचं."

परत आल्यावर त्यांनी हातोडी, सांडशी, कानस, सगळं पोत्यात भरून तोंड बांधलं. मी विचारायला गेलो, तर भिंतीला टेकून बसले होते.

"थकलो, मास्तर. खिळा बोलतच नाई आता. पन्नास वर्षं जनावरांचे पाय मांडीवर घेतले, आता माहेच मले उचलवत नाई."

 खोटा धीर द्यायचा तर तो मोठ्यानं ओरडून द्यावा लागला असता.

तुळशीचं लग्न झालं आणि शेलूबाजारचा हरीओम वरातीचा घोडा टेम्पोत घालून दारात हजर. घोड्याचं नाव बादल. हरीओमचं घर बादलवर चालतं, आणि बादलच्या पुढच्या डाव्या पायाची नाल कुठंतरी पडली होती. परवा वरात होती.

"दुसऱ्याकडे ने," जमशेदभाई म्हणाले.

"कोनाकडे नेऊ? अकोल्यापरेंत हाये का कोनी? असाच डांबरीवर चालवला तर खूर फुटते त्याचा."

तेही खरंच होतं. न ठोकावी तर खूर फुटणार, ठोकावी तर खेमाच्या बैलाची गत. जमशेदभाई बराच वेळ बादलच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मग पोत्याचं तोंड सोडलं. 

त्यांची बायको मेहरबी दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. गिऱ्हाईक असताना ती कामाच्या छपरीत कधी येत नसे. भिंतीच्या अलीकडे तिचं घर, पलीकडे त्यांचं काम.

खूर कानसून झालं. नाल बेतली, टायरचा तुकडा बसला. पहिला खिळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. प्रत्येक घावानंतर ते अंगठ्यानं खुराची कड चाचपत, कानाचं काम बोटाला शिकवू पाहत. चौथ्या खिळ्यावर एक घाव पडला. दुसरा पडला.

"थांबा!" मेहरबी ओरडली.

त्यांना ऐकूच आलं नाही. हातोडी वर गेली. मेहरबी शेंगांचं सूप तसंच टाकून उठली, छपरीत आली आणि हरीओमच्या देखत तिनं नवऱ्याचं मनगट धरलं.

"अजी, तो खिळा काढा."

जमशेदभाई असे चिडले की मला वाटलं आता हातोडी फेकतात. "तुले काय समजते यातलं?"

"काढा म्हणते ना मी."

घोडा तर शांत उभा होता. जमशेदभाईंनी सांडशीनं खिळा ओढला, उजेडात धरला आणि टोकावरून अंगठा फिरवला. टोक ओलं होतं. रक्त नव्हतं, अजून एक घाव पडला असता तर आलं असतं.

"चाचा, काखेत कयसा न् गावाले वयसा!" हरीओम म्हणाला. कोणी हसलं नाही.

"तुले कसं कयलं?" जमशेदभाईंनी हळू विचारलं.

मेहरबी त्यांच्या कानाशी वाकली. "चाळीस वर्षं भिंतीच्या अल्याड भाकरी थापून राह्यली मी. खिळा बद्द वाजला की माहा हात थांबते."

 मग त्यांचा चेहराच बदलला, आणि ते काय विचारणार हे मला आधीच कळलं.

"खेमाच्या बैलाच्या वक्ती?"

मेहरबीनं मान खाली घातली. "थांबला होता हात."

"मंग बोलली काऊन नाई?"

"चार मानसांत तुमाले कशी सांगू का तुमाले ऐकू येत नाई?"

ती रडत होती. आम्ही सगळे गप्प राहिलो होतो, मीसुद्धा, आणि त्याची भरपाई तांड्यावरच्या एका मुक्या जनावराच्या पायानं केली होती. मला माझीच लाज वाटली.

जमशेदभाईंनी त्या भोकात हळदीचं तेल सोडलं आणि ते भोक मोकळंच ठेवलं. रिकामं पोतं झटकून आपल्या शेजारी अंथरलं आणि त्यावर थाप मारली. मेहरबी बसली.

अजून तीन खिळे बाकी होते. त्यांनी बादलचा पाय पुन्हा मांडीवर घेतला, एक घाव घातला, आणि मान वळवून बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हा?"