रामाजी ज्या आवाजाची वाट पाहत होते

रामाजींचं आयुष्य राजुऱ्याजवळच्या एका कोळसा खाणीत गेलं. खाली विडी पेटवायला बंदी, म्हणून तोंडात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घेऊन ते असा घोटायचे की बाकीचे आपली पुडी खिशात ठेवून त्यांच्यापुढे हात करायचे.

खाणीतला माणूस कानांवर जगतो. काठीनं छत ठोकून पाहायचं. खणखणीत वाजलं तर पुढे, पोकळ वाजलं तर मागे. टेकूचं लाकूड करकरलं की हातातलं टाकून पळायचं. "छत पडायच्या आधी बोलते," ते सांगायचे. त्या बोलण्यानं त्यांना दोनदा वाचवलं होतं.

निवृत्तीनंतर ते मुलीचा, संघप्रियाचा डबा कॉलेजात पोचवू लागले. ती प्राणिशास्त्र शिकवायची. एका दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. तिनं त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेवर कोंबडीच्या गर्भाचा पातळ काप होता.

"हे काय, विटा रचल्या?"

"पेशी आहे, बाबा. एकमेकींचे हात धरून राह्यते. त्याचंच अस्तर बनते."

"अन् ह्या बाजूच्या? विखुरलेल्या?"

"त्याईनं हात सोडले. आकार बदलला, लांबट झाल्या, अन् चालत निघाल्या. जागा आली का थांबते. तिथी चेहऱ्याची हाडं बनवते. जबडा बी."

"कोणाले विचारून निघाल्या?"

"आतूनच निरोप येते."

"हजेरी न लावता," रामाजी म्हणाले. "आमच्या मॅनेजरनं घरी बसवलं असतं." पण डोळा त्यांनी लवकर काढला नाही.

त्याच वर्षी ते भातात दही कालवू लागले. ठेच्याशिवाय न जेवणारा माणूस. वय झालं, असं घरात सगळ्यांना वाटलं. मग संघप्रियाला दिसलं की खर्रा दुसऱ्या गालात गेला आहे.

"उजव्यात काऊन, बाबा?"

"डावा सुटीवर हाय. आता दुसरी पाळी."

"दाखवा मले."

तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. डाव्या गालात पांढरा चट्टा होता. मधोमध लाल.

"उद्याच चंद्रपूरले जाऊ."

"दुखत नाई ना, पोरी. दुखलं का सांगतो."

तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी ते जिभेनं चट्टा चाचपायचे, क्षणभर थांबायचे, मान हलवायचे. "नाई बोलत अजून." तिला तो हट्ट वाटला. तो हट्ट नव्हता. ते करकरण्याची वाट पाहत होते.

पावसाळा गेला. एक दाढ हलू लागली. तेव्हा त्यांनी स्वतःच पिशवी भरली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. अस्तराच्या पेशी, एकीला एक चिकटलेल्या. त्यातल्या काही सुटतात, लांबट होतात, खाली उतरतात, मानेकडे जातात.

"गर्भात होते तेच?" संघप्रियानं विचारलं.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "जवळपास तेच. शरीराची जुनीच युक्ती आहे. फक्त इथे थांबणं नसतं."

नागपूरला डावा जबडा काढला. मानेतल्या गाठीही काढल्या. आता एकच प्रश्न उरला. त्याआधी एखादी पेशी निघून गेली होती का? ते दिसण्याचा उपाय नव्हता. डॉक्टर म्हणाले, वाट पाहायची.

कॉलेजात गर्भाचा धडा पुन्हा आला. संघप्रियानं तीच काच लावली. ते विखुरलेले ठिपके रंगवलेले होते, मेलेले होते, कित्येक वर्षं जागचे हलले नव्हते. तिला ते चालताना दिसले. मुलं रांगेत उभी होती. तिनं दिवा बंद केला.

घरी रामाजींचं बोलणं कोणाला कळत नसे. बाजेवर बसून ते रोज सकाळी मान बोटानं ठोकायचे. डोकं कलतं करून, कान देऊन. खाणीत ठोकायचे तसंच.

एका सकाळी त्यांनी तिला हातानं बोलावलं. तिचं बोट धरलं आणि उजव्या कानाखाली ठेवलं. तिथे हरभऱ्याएवढं काहीतरी होतं. टणक. दाबलं तरी न सरकणारं.

"दुखते का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मग त्यांनी दोन बोटं बाजेवर टेकवली आणि चालवली. हळूहळू, एकापुढे एक. बाजेची कड आली. बोटं थांबली नाहीत.