थोरलीच्या वेळचं शेंडेनक्षत्र

आमच्या गावाकडं धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत. ते निघालं की राजा मरतो, पटकी येते, असं म्हातारी माणसं सांगायची. पोटुशी बाईनं तर ते बघूच नये. मी बघितलं. एकदा नाही, आठ-दहा वेळा बघितलं, आणि पन्नासच्या वर वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मुद्दाम बघायला गेले नव्हते. लग्नाला वर्ष झालं होतं, थोरली मुलगी पोटात होती, ऊन तापायला लागलं होतं. पहाटे अंगणात पाऊल टाकायचं नाही, असं सासूनं बजावलं होतं. पण घरात संडास नव्हता. बायांना उजाडायच्या आत बाहेर जावंच लागायचं, आणि आमची जागा गावाच्या उगवतीला होती. मान खाली घालून चालायचं ठरवून निघायचे आणि बांधावर पोचले की मान वर व्हायची.

थोरली जन्मली आणि महिन्याभरात सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. सासू म्हणाली, "शेंडेनक्षत्रावर झालेली पोर आहे. ही घरात नको." दूध तुटल्यावर तिला लासूर स्टेशनला माझ्या आईकडं धाडलं. ती तिथंच वाढली, तिथंच शाळेत गेली, तिथूनच तिचं लग्न झालं. मागून झालेले दोन्ही मुलगे माझ्याजवळ राहिले. मी अडवलं नाही. मला वाटायचं, सासूला अर्धंच माहीत आहे. खरा दोष माझ्या बघण्याचा आहे. तो बाहेर पडला तर पोरीबरोबर मलाही धाडतील.

आता मी शहरात, पुंडलिकनगरला धाकट्या मुलाकडं असते. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला काकू म्हणतात. दोन-एक वर्षांपूर्वी, दसरा होऊन दोन दिवस झाले असतील, त्या संध्याकाळी दार वाजवून म्हणाल्या, "काकू, गच्चीवर चला. धूमकेतू आलाय."

"गुडघे दुखतात."

"काल गोधड्या वाळत घालायला दोनदा चढलात की."

गेले. सूर्य बुडून अर्धा तास झाला होता. मावळतीला, छावणीच्या बाजूला आभाळ अजून तांबूस होतं. शुक्राची चांदणी मला ओळखता आली. तिच्या उजवीकडं, जरा वर, असं बाईंनी सांगितलं. शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना काही कळेना. मग त्यांनी त्यांची दोन नळ्यांची दुर्बीण हातात दिली. काळ्या तव्यावर पिठाचं बोट ओढावं तसा एक फिका पट्टा दिसला.

"एवढाच?" मी म्हणाले. "मी ह्याच्यापेक्षा मोठा बघितलाय."

तोंडातून निघून गेलं. दुसरी कुणी असती तर अय्या, कधी, कुठं सुरू केलं असतं. बाईंनी वही उघडली. "कोणत्या दिशेला होता?"

ती वही मी नंतर नीट पाहिली. रोज संध्याकाळी किती वाजता दिसला, क्षितिजापासून किती वर, शेपटी कुणीकडं, शेजारी कोणते तारे, आणि पेन्सिलीनं काढलेलं चित्र. उंची मोजायला बाई हात लांब करून मुठीवर मूठ ठेवत. एका संध्याकाळच्या बघण्यातून काही निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुष्कळ जणांनी पुष्कळ दिवस लिहून ठेवलं की त्यावरून धूमकेतूची वाट काढता येते, पुढचीही आणि मागचीही. मोठ्या दुर्बिणीवाले त्याचा उजेड फोडून आत काय काय आहे तेही सांगतात. आत म्हणे बर्फ आणि धूळ. राजे मारण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेले. एक गोष्ट मला पटली नव्हती. धूमकेतू सूर्याकडं येवो की सूर्यापासून लांब जावो, त्याची शेपटी सूर्याच्या उलट बाजूलाच असते, असं त्या म्हणाल्या होत्या. पळणाऱ्याची शेपटी मागं असते, हे मला बैलानंसुद्धा शिकवलंय. बाईंनी टेबलफॅन लावला, उदबत्ती पेटवून माझ्या हातात दिली. फॅनकडं चालत गेले तर धूर माझ्या मागं. फॅनकडं पाठ करून चालत आले तर धूर माझ्या पुढं.

"फॅन म्हणजे सूर्य," बाई म्हणाल्या.

"कळलं. बंद करा, राख उडतीय."

मग त्यांनी संगणक उघडला. त्यात आभाळ मागं नेता येतं. तुम्ही पाहिलेला शोधू म्हणाल्या. "साल कोणतं?"

"साल नाही माहीत. थोरली पोटात होती."

"मग तिची जन्मतारीख सांगा."

"एक जून."

त्या हसल्या. त्याही इकडच्याच. आमच्या गावात जवळजवळ सगळी पोरं एक जूनला जन्मली आहेत. आईबापांना तारीख माहीत नसायची, हेडमास्तर शाळेत घालताना एक जून लिहून मोकळा व्हायचा. "खरी सांगा."

खरी म्हणजे मुगाच्या शेंगा तोडणं चालू होतं. मी अर्धी पाटी भरली आणि कळा सुरू झाल्या. श्रावणातला सोमवार होता, सासूचा उपास होता म्हणून तिनं मला शिव्या घातल्या, ते लक्षात आहे.

तिच्या शाळेच्या दाखल्यावरून साल निघालं. बाईंनी आभाळ मागं नेलं. त्या काळात पहाटे उगवतीला दिसलेले मोठे धूमकेतू दोनच निघाले. एक काही वर्षं आधीचा, तोही दिवाळीच्या सुमाराचा. दुसरा माझा. बुडखा खाली, शेंडी वर, मी सांगितला तसाच. बाई एकेक आठवडा पुढं सरकवत गेल्या. तो लहान होत गेला. पाऊस लागायच्या आधीच डोळ्यांना दिसेनासा झाला.

"श्रावणात?" मी विचारलं.

"श्रावणात नुसत्या डोळ्यांना काहीच नाही, काकू. पार लांब गेला होता."

मी घरी आले. भाजी चिरायला घेतली आणि तशीच बसले. रांडेचं शेंडेनक्षत्र निघून गेल्यावर पोर जन्मली होती. आणि हे कळायला संगणक लागत नव्हता. ते दिसायचं बंद झालं तेव्हा मी तिथंच, त्याच बांधावर, रोज पहाटे जात होते. मी चौथीपर्यंत शिकले आहे. चैत्र ते श्रावण महिने मला बोटांवर मोजता येत होते. सासू अडाणी होती, मी नव्हते. घाबरले होते म्हणून मोजलं नाही. पुढं भीती गेली, तरी मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

थोरली छावणीत राहते, शिवणकाम करते. तिला मी रविवारी बोलावून घेतलं. आली ती धापा टाकतच.

"काय झालं? दुखतंय का काही?"

"नाही. बस. तू शेंडेनक्षत्रावर झाली नव्हतीस."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "हे सांगायला बोलावलंस? गिऱ्हाईकाचा ब्लाउज अर्धा टाकून आलेय."

मी सगळं सांगितलं. बांधावर बघितलेलं, मूग, संगणक. तिनं ऐकून घेतलं.

"मग मला धाडलं कशापायी?"

"पहिलीच, आणि तीही पोरगी. घरात दुखणं आलं, कुणावर तरी घालायचं होतं. आणि मी तोंड उघडलं नाही."

"माझ्यामुळं तिकडचे आजोबा अंथरुणाला लागले, असं मामी म्हणायची. मला ते खरंच वाटायचं." ती पदराच्या काठाचा सुटलेला दोरा ओढत होती. "तू सुट्टीत यायचीस तेव्हा मी तुला मावशी म्हणायचे. माहितीये?"

"माहितीये."

"एकदा तरी म्हणायचं होतंस, मावशी नाही म्हणून."

मी चहा ठेवला. चूक झाली, असं म्हणाले. ते पुरेसं नाही हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. तिनं चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि चप्पल घालायला लागली. मग एक पाय चपलेत तसाच ठेवून थांबली.

"दिसायला कसा होता गं तो?"

इतक्या वर्षांत हे मला घरातल्या कुणी विचारलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. "लई चांगला होता," मी म्हणाले. "शेंडी अशी वर गेलेली, पांढरी. अंधार पुरता गेलेला नसायचा. भीती वाटायची, तरी मी उगाच उशीर करायचे."

"आणि मी पोटात."

"व्हय."

"मग मीबी बघितला म्हण की."

"पोटातून काय दिसतंय."

ती हसली नाही. घातलेली चप्पल काढून ठेवली आणि विचारलं, "हा आत्ताचा किती वाजता दिसतो?"

ब्लाउजचं काय, असं मी विचारलं. राहू दे म्हणाली. सूर्य बुडायला तासभर होता. मी बाईंकडं दुर्बीण मागायला वर गेले.