ओट्यावर उघडलेलं इंजिन

हिवाळ्यातल्या रविवारी आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात धुकं असं बसलेलं असायचं की पेरूचं झाड अर्धंच दिसायचं. त्या अर्ध्या झाडाखाली आमची मोटरसायकल उभ्या उभ्या, अगदी हळू चालू असायची. इतकी हळू की दोन ठोक्यांच्या मध्ये वाटायचं, आता बंद पडली. मग पुढचा ठोका यायचा. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो, आणि जाग आली की क्षणभर मी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, बरखेड्यातच असते, हाताला रॉकेलचा वास असतो, आणि भोंगा व्हायला बराच वेळ असतो.

त्या इंजिनाला तसं चालायला मी शिकवलं होतं. मी म्हणजे कारखान्यात कॉइलवर टेप गुंडाळणारी बाई. आमच्या विभागात बायका जास्त, कारण तिथे डोळ्यांपेक्षा बोटांचं काम. टेपचा एक पदर दुसऱ्यावर किती चढलाय, कुठे किंचित सैल आहे, हे बोटांना कळायला लागतं. नवरा त्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात. कागदावर इंजिन असं काढायचा की बघत राहावं. पण खरा नट समोर आला की हमखास उलटा फिरवायचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे, मनात अरे-तुरे. आता लिहायला बसलेय तर मनातलंच लिहिते.

गाडी चालवावी मात्र त्यानेच. टाउनशिपमध्ये जुन्या मोटरसायकलींचा एक क्लब होता. दोन सायलेन्सरच्या, पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या गाड्या. मडगार्ड कापलेले, मागचं दातेरी चाक मोठं बसवलेलं, म्हणजे गाडी कमी वेगात जास्त ओढते. हिवाळ्यात क्लबाच्या दोन-तीन स्पर्धा व्हायच्या, पण स्पर्धा म्हणजे शर्यत नव्हे. आता अयोध्या नगरची घरं जिथे आहेत तिथे तेव्हा खडकाळ उतार होता आणि एक नाला. तिथे चुन्याने अरुंद वाटा आखायच्या, दगडांवरून, मुळांवरून, पाण्यातून. गाडी थांबू द्यायची नाही आणि पाय जमिनीला लावायचा नाही. पाय टेकला की एक गुण चढला, गाडी थांबली की पाच. ज्याचे गुण सगळ्यात कमी तो पहिला. वाट कोरी काढली, म्हणजे एकही पाय न टेकता, तर लोक टाळ्यासुद्धा हळूच वाजवायचे.

बघायला गेलं तर काहीच घडत नसे. धुक्यातून एक माणूस गाडीच्या फूटरेस्टवर उभा राहून यायचा, गुडघे किंचित वाकलेले, आणि पायी चालणाऱ्याच्या वेगाने मोठाल्या दगडांवर चढायचा. आम्ही शाली गुंडाळून कडेला बसायचो. नवरा यायचा तेव्हा तो माझ्याकडे बघायचा नाही, कुणाकडेच बघायचा नाही. इतका शांत तो मला घरी कधी दिसला नाही. मी त्याच्या प्रेमात नक्की कधी पडले असं कुणी विचारलं तर लग्नानंतर तीन वर्षांनी, त्या नाल्यात, असं सांगेन.

क्लबाची एक पद्धत होती. सगळे कारखान्याचे लोक, त्यामुळे नुसती गाडी चालवता येणाऱ्याला ते अर्धाच धरायचे. जो पहिला येईल त्याने क्लबाच्या मागच्या सिमेंटच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने इंजिन उघडायचं. वरचं झाकण, म्हणजे हेड, काढायचं, सिलिंडर उचलायचा, आत काय काय केलंय ते सांगायचं. एक म्हातारे फोरमनसाहेब होते, रिटायर झाले तरी क्लब त्यांचाच. ते चष्मा कपाळावर सरकवून आत बोट फिरवायचे आणि मग मान हलवायचे. याला सगळे ‘दर्शन’ म्हणायचे. बक्षिसापेक्षा या दर्शनाचा मान मोठा होता.

आमची गाडी पहिल्यांदा क्लबात नेली त्या दिवशी कुणीतरी तिचा आवाज ऐकून थांबलं आणि विचारलं, “क्या बात है! इंजन किसने बनाया?” नवरा नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ लोकांनी लावायचा तो लावला. “छुपे रुस्तम निकले आप तो!” म्हणून पाठीवर थाप पडली. घरी येताना आम्ही दोघं पोट धरून हसलो. मीच म्हणाले, राहू द्या, सांगू नका, मजा येतेय. हे मी कबूल करते. पहिल्या वर्षी ती गंमत माझीसुद्धा होती.

मग गंमत जुनी झाली. मी दुपारची शिफ्ट नसली की मागच्या अंगणात जुनी वर्तमानपत्रं अंथरून बसायचे. हेडच्या आतला काजळीचा थर लाकडी पट्टीने खरवडायचा, कारण लोखंडाने ओरखडे पडतात. पिस्टनच्या रिंगा खाचेत बोटाने फिरवून बघायच्या. कार्बोरेटर मसाल्याच्या जुन्या डब्यात रॉकेलमध्ये भिजत पडलेला असायचा. सासूबाई आल्या की म्हणायच्या, “घरात बाईने काय काय करावं याला काही सुमार?” आणि लगेच विचारायच्या, “मग या वेळी पहिला येणार ना तो?” तो कधीच पहिला येत नव्हता. दुसरा यायचा, तिसरा यायचा. दर वेळी शेवटच्या एखाद्या वाटेत पाय टेकायचाच. मला वाटायचं, माझंच कुठे चुकतंय. इंजिन अजून थोडं हळू चालायला हवं, हात सोडला तरी गुणगुणत राहायला हवं. मला त्या ओट्यावर आमचं इंजिन उघडलेलं बघायचं होतं. फोरमनसाहेबांचं बोट आत फिरताना बघायचं होतं. त्यापुढे कुणी काय केलं म्हणायचं याचा विचार मी करत नव्हते, किंवा करत होते आणि स्वतःला सांगत नव्हते.

सहाव्या हिवाळ्यात टेकलेले पाय मोजणारे एक गृहस्थ आजारी पडले आणि शेवटच्या वाटेवर मला उभं केलं. हातात पुठ्ठा, पेन्सिल. नवरा आला तेव्हा पहिल्या नंबरावर होता. मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. गाडी मोठ्या खडकावर चढली, वर आली, आता फक्त एक उतार बाकी. तिथे त्याचा डावा पाय खाली आला, दगडाला लागला, परत वर गेला. मी पुठ्ठ्यावर एक रेघ मारली.

पण माझे कान दुसरंच काही सांगत होते. कुणाचाही तोल गेला की हात दचकतो, ॲक्सिलरेटरची मूठ पिळली जाते, इंजिन एकदम ओरडतं. दिवसभर मी तेच ऐकत होते. आमच्या इंजिनाचा ठोका मात्र जराही हलला नव्हता. गाडी झुकलीच नव्हती. त्याने पाय टाकला होता, सावकाश, जिन्याची पायरी उतरावी तसा.

घरी आल्यावर तो नळाखाली हात धूत होता तेव्हा मी म्हणाले, “अहो, तुम्ही पाय मुद्दाम टाकलात.”

त्याने नळ बंद केला नाही.

“दरवर्षी टाकता.”

“मग काय करू?” तो म्हणाला. “त्या ओट्यावर उभा राहून काय उघडू? मला हेडचे नटसुद्धा कोणत्या क्रमाने ढिले करायचे ते ठाऊक नाही.”

“सांगायचं, बायको करते.”

“हसतील गं.”

“कुणाला? तुम्हाला की मला?”

त्याने आता नळ बंद केला आणि म्हणाला, “तुलाच नको होतं ना सांगायला?” ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. सहा वर्षं मी ज्या हाताने रिंगा बसवल्या त्या हाताला जिंकू न देता हा माणूस दरवर्षी आरामात दुसरा येत होता आणि मी त्याच्यासाठी रात्रीची भाकरी गरम ठेवत होते. मी संपावर गेले. भाकरी चालू ठेवली, इंजिन बंद.

महिनाभर अंगणात गाडी तशीच उभी. पेरूची पानं सीटवर पडायची. शिफ्ट संपल्याचा भोंगा व्हायचा, सायकलींचा लोंढा गेटातून बाहेर पडून सावलीच्या रस्त्यांनी पांगायचा, आणि मी घरी येऊन सरळ स्वयंपाकाला लागायचे. ते दिवस आता आठवले की पाण्याखालून बघितल्यासारखे दिसतात. सगळं जागेवर, पण आवाज नाही. आम्ही भांडलोही नाही. “मीठ दे”, “दूधवाला आला”, एवढंच.

मग एका दुपारी अंगणातून करकर ऐकू आली. बघते तर हा पाना घेऊन गाडीशी झटतोय. एका नटाचे कोपरे पार गोल करून ठेवलेले, अंगठ्याला रक्त. मला पाहून म्हणाला, “शेवटच्या स्पर्धेला महिना बाकी आहे. शिकेन म्हटलं.” खरं सांगते, मला नटाची दया आली, नवऱ्याची नाही. पाना त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, “सरका तिकडे. आणि या वेळी पाय टाकलात तर मी तुम्हाला नाल्यातच सोडून घरी जाईन.”

“नाही टाकणार,” तो म्हणाला. इतकंच. पुढचे चार आठवडे तो माझ्या शेजारी उकिडवा बसून राहायचा. मी मागितलं की पाना द्यायचा, बहुतेक वेळा चुकीचा.

मोसमाची शेवटची स्पर्धा होती. नाल्याकाठी मोजमापाचे खुंटे ठोकलेले होते, पुढच्या वर्षी तिथे वस्ती होणार असं सगळे म्हणत होते. सकाळी धुकं होतं, मग ऊन आलं, पळसाला नुकत्याच काळ्या कळ्या धरल्या होत्या. दुपारपर्यंत त्याने एकही वाट बिघडवली नाही. दगडांवरून तो असा येत होता की गाडीला वजनच नाही. शेवटच्या वाटेआधी तो आणि दुसरा एकजण बरोबरीत. दुसरा आधी गेला आणि कोरा बाहेर पडला. आता याला कोरंच यावं लागणार होतं, आणि मग निकाल लावायला आणखी एक फेरी.

निघण्याआधी त्याने माझ्याकडे बघितलं. कधी बघत नसे. मी शाल घट्ट धरली. गाडी पाण्यातून आली, मुळांवरून आली, खडकावर चढायला लागली, आणि वर, अगदी वर, मागचं चाक ओल्या दगडावरून सरकलं. इंजिन एकदम ओरडलं. पाय खाली आला. त्याने सावरलं, वाट पूर्ण केली, पण पाय टेकला होता. माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि लाज वाटते पण लिहिते, ते आनंदाचं होतं. मी इतका खरा आवाज त्या गाडीचा कधी ऐकला नव्हता.

आम्ही पुन्हा दुसरेच. क्लबाच्या मागे ओट्यावर पहिल्या आलेल्याने आपलं इंजिन उघडलं. फोरमनसाहेबांनी बोट फिरवलं, मान हलवली, लोक चहाकडे वळले. तेवढ्यात नवरा आमची गाडी ढकलत ओट्यापाशी घेऊन आला.

“एक और देख लीजिए, साहब,” तो म्हणाला.

“आपका तो दूसरा नंबर है। दर्शन पहले का होता है।”

“जी, मालूम है। फिर भी देख लीजिए। ये इंजन मैंने आज तक नहीं खोला। हमारी मिसेज़ खोलेंगी।”

कुणीतरी हसलं. मग ते हसू एकटंच राहिलं आणि थांबलं. फोरमनसाहेब माझ्याकडे बघत होते, चष्म्यातून, मग चष्म्यावरून. नवऱ्याने पान्यांची पिशवी उघडून ओट्यावर ठेवली आणि बाजूला झाला. त्याचे कान लाल झाले होते. मी साडीचा पदर खोचला. समोरासमोरचे नट थोडे थोडे ढिले केले, हेड उचललं, सिलिंडर सावकाश वर घेतला. चहाचे कप हातात घेऊन माणसं परत येऊन उभी राहिली होती. पिस्टन उन्हात चकाकत होता.

फोरमनसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. सिलिंडर हातात घेऊन आतून बोट फिरवलं, एकदा, मग परत उलटं. पिस्टनच्या रिंगेला नखाने हळूच ढकलून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वर न बघता, नेहमीच्या सवयीने, त्यांनी नवऱ्याला विचारलं, “रिंग किसने बिठाई है?”

नवरा आणखी एक पाऊल मागे सरकला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“मैंने,” मी म्हणाले.