उंबऱ्याबाहेर ठेवलेला शिधा

मी देवाच्या नावावर खोटं बोलत होते. लॉकडाऊनमध्ये अंधेरीच्या स्टुडिओतलं मिस्टरांचं लाइटमनचं काम एका दिवसात थांबलं. विक्रोळीच्या खोलीत आम्ही दोघं आणि सासूबाई. आधी केबल बंद केली, मग मासे, मग दूध अर्ध्यावर आणलं. तांदळाचा डबा तळाला जायला लागला तेव्हा मी सोमवार धरला. मग गुरुवार, मग शनिवार. उपास म्हटलं की का जेवत नाहीस, असं कोणी विचारत नाही. साबुदाणाही परवडत नव्हता. मी चहावर दिवस काढायची आणि मिस्टर माझ्या भक्तीचं कौतुक करायचे.

ते दिवस मला धुक्यातून पाहावे तसे आठवतात. हायवे गप्प असायचा, खाडीकडच्या पक्ष्यांचे आवाज थेट गॅलरीत यायचे, आणि भरल्या उजेडात आपण तरंगतोय असं वाटायचं. पुढे सासूबाईंनीही माझ्याबरोबर उपास धरले. त्यांना नको म्हणायला मला तोंड नव्हतं. एका गुरुवारी संध्याकाळी त्या घेरी येऊन मोरीपाशी बसल्या. त्यांना साखरपाणी पाजलं, निजवलं आणि देव्हाऱ्यासमोर उभी राहिले. काही मागायची लाज वाटत होती. एवढंच म्हटलं, माझ्याच्याने आता होत नाही.

थोड्या वेळाने दार वाजलं. बाहेर मास्क लावलेली एक अनोळखी बाई होती.

"ताई, सवाष्ण आहात ना? माझ्या व्रताचं उद्यापन आहे. अशा दिवसांत घरी जेवायला कोण येणार? म्हणून शिधा घेऊन फिरतेय. घ्याल ना?"

तांदूळ, डाळ, गूळ, तेल आणि हळदीकुंकवाच्या पुड्या तिने उंबऱ्याबाहेर ठेवल्या. सवाष्णीला देवी मानून करतात तसा दुरूनच वाकून मला नमस्कार केला. देवाशी खोटं बोललेल्या मला. मी रडायलाच लागले. ती कोण, कुठली, हे विचारायचं राहूनच गेलं. नंतर चाळीत विचारलं तर कोणीच तिला पाहिलं नव्हतं.

भात रटरटत असताना मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी डोळेही उघडले नाहीत.

"माका म्हायत होता गो," त्या म्हणाल्या. "म्हणान तर मी पण धरलंय."

पुढे काम सुरू झालं. आजही हात जोडले की त्या बाईचं वाकणं आणि सासूबाईंचे मिटलेले डोळे एकदमच समोर येतात. घर मी एकटीच तोलून धरलंय, असं मला वाटत होतं. आता भूक लागली की भूक लागली असं सांगते, घरातही आणि देवालाही.